केसांच्या बदल्यात डफडं

बाईंनी माझी वेणी फूटपट्टीने उचलली. हाताने नाही. फूटपट्टीने.

मला फळ्यापुढे उभं केलं होतं, पाठ वर्गाकडे. नववीचा वर्ग, मुलींची शाळा. "रिबीन सोड," बाई म्हणाल्या. मी लाल रिबीन सोडली. मग त्यांनी पट्टीच्या टोकाने केस बाजूला सारले आणि कानामागचा तो गुळगुळीत गोल सगळ्या मुलींना दाखवला. त्याच्या वर आणखी एक. मानेवर आणखी एक, आणि त्याच्या कडेला फोडाची काळी खपली.

"पाहा ग मुलींनो," बाई म्हणाल्या. "घरात स्वच्छता नसली की हे असं होतं."

मग जरा थांबल्या. त्यांना अजून काही म्हणायचं होतं, ते मला पाठीमागूनही कळलं.

"देवसुद्धा नदीत टाकले ना तुम्ही लोकांनी. आता डोक्यावर हात कोण ठेवणार?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाकीच्या हसल्या नाहीत, त्या घाबरल्या होत्या. माझ्या बाकावरची मुलगी डबा आणि दप्तर घेऊन पलीकडे जाऊन बसली. मी तिला दोष देत नाही. बाईंनी शिपाईण मावशींना हाक मारली आणि ती पट्टी त्यांच्या हातात दिली. "नळाखाली धुऊन आणा," म्हणाल्या. मावशी माझ्याकडे न बघता पट्टी धुवायला गेल्या.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, मला आत घेतलं नाही. महारोग तर नाही ना हे, त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत? मी चौदा-पंधरा वर्षांची पोर. मी गप्प राहिले. गप्प राहिले म्हणजे कबूल केलं, असं त्यांनी धरलं. "केस येईपर्यंत शाळेत यायचं नाही," त्या म्हणाल्या. परीक्षा उन्हाळ्यात होती. आमच्या घरात नववीपर्यंत पोचलेली मी पहिलीच.

घरी जाताना मी ओढणी डोक्यावरून घेतली. त्या आधी कधी घेतली नव्हती.

माझे केस चांगले होते. हे सांगताना आजही मला थोडा ताठा येतो. माय जवसाचं तेल लावून विंचरायची, कंगवा अर्ध्यात अडकायचा, मग ती खोटं खोटं चिडायची. ती संत्र्यांच्या बाजारात कामाला होती. डागी संत्री बाजूला काढायची, चांगली गवत घालून टोपल्यांत भरायची. तिच्या बोटांना सालीचा वास असायचा. तोच वास माझ्या वेणीला लागायचा. बाजारातून थकून आली तरी माझी वेणी तीच घालायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

तो पहिला गोल तिच्याच बोटाला लागला. दिवाळीच्या जरा आधी. विंचरता विंचरता तिचा हात थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. बस सरळ."

पण तिचा हात तिथेच. रुपयाएवढी जागा, तळहातासारखी गुळगुळीत. दुखत नव्हती, खाजत नव्हती. आदल्या दिवशी नव्हती.

शेजारणींनी पाहिलं आणि सांगितलं, चाई पडली. म्हणजे किड्याने केस खाल्ले. मग ज्याला जे माहीत ते त्याने सांगितलं. कांदा कापून घासा. लसूण घासा. गुंजेचा पाला वाटून लावा. मायने सगळं केलं. मी कांद्याच्या वासाची शाळेत जायची, मुली नाकाला रुमाल लावायच्या. आणि मग एका म्हातारीने बिब्बा सांगितला. आमच्या भागात बिब्ब्याची झाडं भरपूर, आणि बिब्ब्यावर लोकांचा भरवसाही भरपूर. पायात काटा मोडला की बिब्बा, कंबर धरली की बिब्बा. सुई तापवून बिब्ब्यात खुपसली, काळं तेल निघालं, ते मायने त्या गोलावर लावलं. लावताना स्वतःच फुंकर घालत होती. रात्रभर माझं डोकं पेटलं. सकाळी फोड, चौथ्या दिवशी पू. किड्याने नाही खाल्लं एवढं बिब्ब्याने खाल्लं. बाईंनी वर्गाला दाखवली ती खपली याच बिब्ब्याची. तिला त्या घाण म्हणाल्या. ती घाण नव्हती. माझ्या मायची माया होती ती, जरा चुकलेली.

शाळेतून काढलं म्हटल्यावर बाबांनी गिरणीतून सुट्टी घेतली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. बाबा कमी बोलायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीचा त्यांचा पांढरा सदरा मायने ट्रंकेत जपून ठेवला होता. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने कन्हान नदीत सोडले होते, आणि येताना मागे वळून पाहिलं नव्हतं, असं माय सांगायची. हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान असायचा. थोडी भीतीही असायची. ती भीती मला तेव्हा ऐकू येत नव्हती.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, बिब्ब्याची खपली पाहून आधी बाबांवरच भडकले. मग दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, उजेडाकडे वळवलं, केसांची दोन-चार टोकं ओढून पाहिली. ती अलगद त्यांच्या हातात आली.

"चाईच आहे," ते म्हणाले. "किडाबिडा काही नसतो."

बाबांनी विचारलं, मग कशाने झालं? डॉक्टर टायफॉइडबद्दल विचारत बसले. मोठ्या तापानंतर केस जातात, पण ते सगळ्या डोक्यावरून विरळ होतात आणि आपोआप परत येतात. नायट्याने जातात, पण तिथे खपली धरते, केसांचे खुंट राहतात. हे यातलं काही नाही. "खरं सांगू का," ते म्हणाले, "याचं कारण अजून पक्कं कोणालाच माहीत नाही. कोणाच्या घराण्यात असतं. कोणाला मोठी काळजी, मोठा धक्का बसला की होतं. आणि काही डॉक्टर म्हणतात की शरीरच आपल्या केसांच्या मुळांना परकं समजतं आणि हाकलून देतं."

"आपल्याच?" बाबांनी विचारलं.

"आपल्याच."

परत येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. एकदा स्वतःशीच मान हलवली त्यांनी.

उपाय होता. बारीक सुईने डोक्याच्या कातड्यातच औषध टोचायचं, जागोजागी, दर महिन्याला. आणि लावायला एक मलम, ज्याने कातडी लाल व्हायची. येतील, डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत येतील, वर्षाने येतील, औषधाशिवायही येतील. आणि पुन्हा जाऊही शकतील. लागट नाही, एवढं मात्र नक्की. ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि बाबांना परत दिली. "सरकारी दवाखान्यात काय, काहीही लिहून देतात," म्हणाल्या.

मग राहिलेलेही गेले. उशीवर, तांब्यात, भाकरीच्या पिठात, सगळीकडे माझे केस. माय मुकाट्याने गोळा करायची आणि पदराच्या गाठीत बांधायची. फेकायची नाही. संक्रांतीपर्यंत डोक्यावर काही झुलपं उरली, भुवयाही पातळ झाल्या. माय संध्याकाळी सवयीने कंगवा हातात घेऊन बसायची. मग ठेवून द्यायची. मी तिच्यापुढे बसत नव्हते. बसले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तिला नुसतं डोक्यावरून हात फिरवायचा असेल.

तेव्हाच गावाहून मोठीमाय आली. मोठीमाय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. पारशिवनीकडच्या आमच्या गावात ते लोक अजून राहत होते. तिने माझी ओढणी सरकवली, पाहिलं, आणि मायकडे वळली.

"डाक्टरले काय समजते? हे मरीमायचं काम आहे. टाकलं ना तुम्ही तिले."

"तुम्हीबी टाकलं, बाई," माय म्हणाली.

"टाकलं. अन् गावात कसे दिवस काढून राहिलो, थे आमाले मालूम."

मग दोघी चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलत राहिल्या. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. सकाळी माय मला म्हणाली, "मोठ्याबाबांची तब्येत बरी नाही. चाल, पाहून येऊ." बाबांनाही तिने तेच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बाबांशी खोटं बोलली, आणि तेही माझ्या डोक्यापायी.

बसमध्ये मोठीमायने मला खरं सांगितलं. मरीमायच्या ठाण्यावर जायचं. उरलेले केस तिथे द्यायचे, माफी मागायची. मग ती नवे देईल. मी भांडले नाही. खरं सांगते, मलाही वाटलं, होईल. इंजेक्शनं घेऊन दोन महिने झाले होते, डोक्यावर काही उगवलं नव्हतं, आणि माझा बाक शाळेत रिकामा होता. माणूस बुडताना काहीही धरतो. मी पण धरायला निघाले होते.

मरीमायचं ठाणं गावाबाहेर, कडुनिंबाखाली. एक ओटा, त्यावर शेंदराचा दगड. हे ठाणं आमच्याच लोकांनी सांभाळलेलं. गावात पटकी आली, देवी आल्या, की मरीमायचा गाडा निघायचा. गावाची रोगराई त्या गाड्यात घालून शिवेबाहेर सोडायची. गाडा आमच्या लोकांनी ओढायचा, आणि सर्वांत पुढे डफडं वाजवत माझे आजोबा. सगळ्या गावाचा रोग अंगावर घेऊन चालणारे ते. पण ओट्यावर पाय ठेवायचा नाही. ओटा पाटलांचा. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी डफडी खाली ठेवली ती ठेवलीच. मेलेली गुरं ओढणं बंद, गाडा बंद. गावाने विहीर बंद केली, मजुरी बंद केली. मोठीमायने तेव्हा वाहत्या नाल्याचं पाणी भरलं. डफडं मात्र घरात कोणी परत घेतलं नाही.

ओट्यावर म्हातारे पाटील बसले होते. मोठीमायने आधीच निरोप दिला असावा. आम्ही खाली, उन्हात उभ्या.

"सोम्या डफडेवाल्याची सून नं तू?" पाटलांनी मायला विचारलं.

"हो, पाटील."

"पोरीचं पाहू."

मोठीमायने माझी ओढणी काढली. पाटलांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला दया दिसली नाही, किळसही दिसली नाही. समाधान दिसलं. ते मी त्या क्षणी ओळखलं नाही, पण विसरलेही नाही.

"इतके वर्षं देवी उपाशी आहे," पाटील म्हणाले. "मंग थे काय खाईन? पोरीचं डोक्सं खाल्लं. नाक घास."

माय वाकली. माझी माय, जी बाजारात अडत्याने वाकडा शब्द काढला तर भरलेली टोपली खाली ठेवायची, ती गुडघ्यावर बसली, हात मातीत टेकले आणि नाक घासलं. ओट्याला नाही. ओट्याच्या खाली, जिथे लोक चपला काढतात तिथे. उठली तेव्हा नाकाला, कपाळाला माती.

"आता येतीन ना केसं?" तिने विचारलं. लहान मुलगी विचारते तसं विचारलं.

"पोरीलेबी घासाले लाव," पाटील म्हणाले. "अन् ऐक. येत्या आखाडीत गाडा काढाचा आहे. तुह्या नवऱ्यानं बापाचं डफडं घेऊन पुढं राहाचं. थो शयरातला, थो आला का सारा महारवाडा येते त्याच्या मांगं. मंग पाय, पोरीचं डोक्सं कसं भरते थे."

"आणतो मी त्याले," माय म्हणाली. "येईन थो. पोरीसाठी येईन."

"चाल वं," मोठीमायने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बस खाली."

मी बसणार होते. गुडघे वाकलेही होते. आणि तेव्हा मला एकदम कळलं. या माणसाला माझ्या केसांशी काही घेणं नाही. केस येवोत, न येवोत. याला डफडं पाहिजे. इतकी वर्षं विहीर बंद करून जे मिळालं नाही, ते याला माझ्या टकलावर मिळत होतं. माझे बाबा, ज्यांनी देव सोडताना मागे वळून पाहिलं नाही, ते आखाडात गळ्यात डफडं अडकवून याच्यापुढे चालणार. का? तर माझ्या डोक्यावर केस नाहीत म्हणून. आणि बाबा आलेही असते. माझ्यासाठी ते आले असते. हेच सर्वांत भयंकर होतं.

मी सरळ उभी राहिले.

"माय, चाल. बाबा डफडं नाही वाजवत."

"काय म्हणून राहिली वं थे?" पाटलांनी मोठीमायला विचारलं. मला नाही.

"मले नाही पाह्यजे केसं," मी म्हणाले.  "नाही आले तरी चालतीन. डफडं नाही वाजवत कोणी."

मायने माझ्या थोबाडीत मारली. तिने मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. हात उगारलेलाच राहिला आणि ती रडत खाली बसली. मोठीमाय पाटलांच्या पाया पडत होती, पोर आहे, तिला अक्कल नाही, म्हणत होती. पाटील ओट्यावरून उठले. "हिले शाळेत कोनं टाकलं?" एवढंच म्हणाले आणि गावाकडे चालू लागले.

मी मायला हाताला धरून उठवलं. तिच्या कपाळाची माती ओढणीने पुसायला गेले तर तिने माझा हात झटकला. बसमध्ये ती नागपूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. माती तशीच. लोक बघत होते. मी ओढणी मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून माझ्याकडेही बघत होते. मी बघू दिलं.

बाबांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचंही सांगितलं.  बाबा रागावतील असं मला वाटत होतं, रागावले असते तर सोपं झालं असतं.

"तू काहून नाक घासलं वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"माह्या लेकीसाठी."

  बाबांनी तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं आणि तिने चेहरा धुतला.

पुढच्या आठवड्यात मी शाळेत गेले. एकटी. ओढणी खांद्यावर, डोकं उघडं. फाटकापासून वर्गापर्यंत मुली बाजूला सरत गेल्या. मोठ्या बाई धावत आल्या.

"निदान झाकून तरी यायचं. मुली घाबरतात."

"झाकणार नाही," मी म्हणाले. "लागट नाही, डॉक्टरांनी लिहिलंय. मला काढायचं असेल तर केस नाहीत म्हणून काढलं, असं तुम्हीही लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. लिहून द्यायला ही माणसं फार भितात, हे मी त्या दिवशी शिकले. मी वर्गात जाऊन बसले. बाकावर दुसरं कोणी बसलं नाही, वर्ष संपेपर्यंत नाही. वेणी उचलणाऱ्या बाईंनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी नववी पास झाले, मग मॅट्रिक झाले. अगदी एकटीने झाले. एकटेपणाचं कौतुक मला कोणी सांगू नये. फार वाईट असतो तो.

केस आले. दुसऱ्या पावसाळ्यात आले, आधी पांढरे, म्हातारीसारखे, मग काळे. इंजेक्शनाने आले की आपोआप, ते डॉक्टरांनाही ठरवता आलं नाही. नोकरीला लागल्यावर एकदा पुन्हा गेले, पुन्हा आले. पहिल्यांदा काळे केस दिसले तेव्हा मायने कंगवा काढला, मला पुढ्यात बसवलं, आणि विंचरता विंचरता म्हणाली, "माफी मागतली होती मी. म्हणून आले."  तिला ते खरं वाटत होतं. मरेपर्यंत वाटत राहिलं. आणि तिची लेक तिचं न ऐकता उभी राहिली, म्हणून उशिरा आले, असंही तिला वाटत राहिलं. ती गेली तरी हे आमच्यातलं मिटलं नाही.

आता लोक मला सांगतात, जुनं झालं, सोडून दे. पाटील मेले, बाई निवृत्त झाल्या. केसांचं मी केव्हाच सोडून दिलं. ते येतात, जातात, त्यात कोणाचा दोष नाही. पण माझ्या मायकडून जी माफी घेतली, ती कशाबद्दल? तिने काय केलं होतं? डफडं खाली ठेवलं, हा गुन्हा होता का? तिची लेक आजारी पडली होती आणि ती घाबरली होती. त्या भीतीला धरून तिला मातीत वाकवलं. ती माफी खोटी वसूल केलेली आहे. ती मला परत पाहिजे. ती मिळेपर्यंत मी कोणत्याही ओट्यापुढे वाकणार नाही, कोणत्याही टेबलापुढे वाकणार नाही, आणि माझ्या पोटच्या पोरीचा जीव पणाला लागला तरी तिच्यासाठीसुद्धा वाकणार नाही. हे मी तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे.